आधी कोणाचा निरोप?

पनवेलहून सुटलेली पॅसेंजर पेण, कासू, नागोठणे करत निडीला आली, की पुढे फक्त रोहा उरते. आपटा ते रोहा हा लोहमार्ग १९८६ साली सुरू झाला तेव्हा आमच्या भागात गाडी येणे हेच अप्रूप होते. पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि त्याच रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या धावू लागल्या. मार्ग अजून एकेरीच होता. त्यामुळे आमची पॅसेंजर वाटेतल्या कुठल्यातरी स्टेशनात बाजूच्या रुळावर लावून ठेवीत आणि एक्स्प्रेस धडधडत निघून जाई. गाडीतली माणसे त्यावर चिडत नसत. रूळ एक, गाड्या दोन, एकीला थांबावे लागणारच, एवढे सगळ्यांना कळत होते. थांबायची पाळी नेहमी आपल्याच गाडीवर का येते, हे मात्र कोणी विचारीत नसे.

तो प्रश्न माझ्या मनात त्याही आधीपासून होता. १९८४ च्या पावसाळ्यात आजीने अंथरूण धरले. बाबा मुंबईत नोकरीला होते. डॉक्टरांनी मुलाला बोलावून घ्या म्हटल्यावर काका जवळच्या मोठ्या गावातल्या टपाल कचेरीत ट्रंक कॉल लावायला गेले. मी तेव्हा तेरा वर्षांचा. छत्री धरायला त्यांच्याबरोबर होतो. खिडकीतून प्रश्न आला, “ऑर्डिनरी की अर्जंट?” काकांनी दर विचारला, खिशात हात घातला आणि ऑर्डिनरी म्हणाले. आम्ही बाकावर बसून राहिलो. आमच्यानंतर आलेल्या एका व्यापाऱ्याचा कॉल लागला, तो बोलून गेलासुद्धा. आमचा कॉल कचेरी बंद होईतो लागला नाही. शेवटी काकांनी तार केली. ती दुसऱ्या दिवशी बाबांच्या हाती पडली आणि ते एसटीने घरी पोहोचले तेव्हा सगळे आटोपले होते.

यात कोणाचा दोष नव्हता. खिडकीतल्या माणसाने नियमाप्रमाणेच केले. तो नियम आला कुठून, हे शोधायला मला पुढची तीस वर्षे लागली, आणि तो शोध मला तारेपासून इंटरनेटच्या राउटरपर्यंत घेऊन गेला. मी इतिहासाचा पदवीधर नाही, संगणकाचाही नाही. नोकरी सांभाळून, जुन्या बाजारातली पुस्तके आणि पुढे इंटरनेटवर फुकट मिळणारे तांत्रिक मसुदे वाचून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

हिंदुस्थानात तारसेवा सर्वसामान्यांना १८५५ च्या फेब्रुवारीत खुली झाली. सामान्यांना खुली झाली, म्हणजे सामान्य माणूस पहिल्या नंबरवर आला असे नव्हे. सरकारी तार आधी, तारखात्याच्या कामाची त्यानंतर आणि खासगी सर्वांत शेवटी, ही उतरंड होती. १८७५ च्या सेंट पीटर्सबर्गच्या आंतरराष्ट्रीय तार करारात तारांचे हेच तीन वर्ग करून सरकारी तारेला अग्रहक्क दिलेला आहे. लष्करासाठी तर आणखी वरची पायरी होती. तारेवर ‘क्लिअर द लाइन’ असा शेरा असला, की वाटेतल्या प्रत्येक कचेरीने हातातले काम टाकून तार मोकळी करून द्यायची. एकेरी मार्गावर एक्स्प्रेससाठी सिग्नल देतात तसेच हे.

खासगी माणसाला ही उतरंड चढायची तर पैसे मोजावे लागत. साधी तार आणि एक्स्प्रेस तार हा भेद आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत होता. टेलिफोनचे जाळे वाढल्यावर तोच भेद ट्रंक कॉलमध्ये आला: ऑर्डिनरी, अर्जंट आणि सगळ्यांच्या वर लायटनिंग. अर्जंटला ऑर्डिनरीपेक्षा जास्त पैसे पडत, लायटनिंगला कित्येक पट. आता तरुण वाचकांसाठी थोडे थांबून सांगायला हवे, की ट्रंक कॉल लावणे म्हणजे नंबर फिरवणे नव्हे. ऑपरेटर एका चिठ्ठीवर नंबर, वर्ग आणि वेळ लिहून घेई. दोन गावांमध्ये बोलण्याच्या वाटा मोजक्याच असत. लहान गावाच्या नशिबी एखादीच. ती रिकामी झाली, की चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून वरच्या वर्गाची सर्वांत जुनी चिठ्ठी उचलायची. लायटनिंग संपल्या की अर्जंट, त्या संपल्या की ऑर्डिनरी. अर्जंटच्या चिठ्ठ्या येतच राहिल्या तर ऑर्डिनरीचा गठ्ठा हलतच नाही. काकांची चिठ्ठी त्या गठ्ठ्यात होती.

मात्र या पद्धतीत एक भलेपणही होते, ते कबूल केले पाहिजे. एकदा कॉल लागला, की ती वाट तेवढा वेळ पूर्णपणे तुमची. तिसरा कोणी मधे घुसून तुमचा आवाज अर्धा करीत नसे. ताटकळणे सारे आधी, बोलणे सुरू झाल्यावर खात्री. ट्रंक कॉल हा शब्द आता विस्मरणात गेला आहे; शेवटच्या तारा तर २०१३ च्या जुलैत, १४ तारखेच्या रात्री स्वीकारल्या गेल्या. (दिवाळी अंकात लिहितो आहे म्हणून आठवले: तारेने दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायच्या तर पूर्ण वाक्याऐवजी ठरावीक क्रमांक लिहिला की भागे. वाहिनी अरुंद असली, की माणूस मजकूर आवळायला शिकतो.)

इंटरनेट आपल्याकडे आले तेही अशाच अरुंद वाटेने, आणि मुंबईतूनच. १९८६ मध्ये एर्नेट हा सरकारी प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सुरू झाला. त्यात आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्याबरोबर जुहूची ‘एनसीएसटी’ ही संस्था होती. श्रीनिवासन रामाणी तिचे प्रमुख. अमेरिकेशी जोडणारे देशाचे दार काही वर्षे या जुहूच्या संस्थेत होते. १९८९ मधली तिथली भाड्याची वाहिनी ९.६ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला बाराशे अक्षरे. आज मोबाइलवर काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या वाहिनीवरून पाठवायला बेचाळीस मिनिटे लागली असती. एवढ्या वाटेवर देशभरच्या प्राध्यापकांची पत्रे जात होती. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबईसह महानगरांत इंटरनेट सर्वांना खुले केले आणि रांग वाढली.

ही रांग जुन्या रांगेहून वेगळी होती. इथे कोणालाच पूर्ण वाट मिळत नाही. प्रत्येकाच्या मजकुराचे तुकडे पडतात, त्यांना पॅकेट म्हणतात, आणि सगळ्यांची पॅकेटे एकाच वाहिनीवर एकामागून एक सरकतात. चौकाचौकात राउटर नावाचे यंत्र बसलेले असते. ते पॅकेट घेते, पत्ता पाहते, पुढच्या वाहिनीवर टाकते. पुढची वाहिनी भरलेली असेल तर पॅकेट आपल्याजवळ रांगेत ठेवते. रांगही भरली तर सरळ टाकून देते. निरोप नाही, पावती नाही. पाठवणाऱ्याने ते ओळखून पुन्हा पाठवायचे.

याचा परिणाम काय होऊ शकतो, हे १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत दिसले. बर्कली विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यात अंतर चारशे यार्डांचे. त्यांच्यातली वाहिनी ३२ केबीपीएसवरून एकदम सेकंदाला ४० बिटांवर आली. हरवलेली पॅकेटे सगळे पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि त्या गर्दीत आणखी हरवत होती. व्हॅन जेकबसन या संशोधकाने त्यावर जो उतारा काढला, तो आजही प्रत्येक फोनमध्ये आहे: पॅकेट हरवले, की पाठवणाऱ्याने आपणहून वेग कमी करायचा. ही व्यवस्था पाठवणाऱ्याच्या सभ्यतेवर उभी आहे. सगळे सभ्य नसतात, म्हणून राउटरमध्ये नियम घालावे लागतात.

नियम घालण्याची जागा तर आधीपासून ठेवलेली होती. माझ्या सगळ्या वाचनात मला सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच. इंटरनेटचा मूळ नियम १९८१ मध्ये आरएफसी ७९१ या मसुद्यात लिहिला गेला. त्यात प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर तीन बिटांची जागा राखून ठेवली आहे. तीन बिटांत आठ पायऱ्या बसतात, आणि त्यांना नावे दिली आहेत: सर्वांत खाली ‘रूटीन’, मग ‘प्रायॉरिटी’, ‘इमीजिएट’, ‘फ्लॅश’, ‘फ्लॅश ओव्हरराइड’ आणि वरच्या आणखी तीन. हे काम अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशाने चालले होते आणि ही नावे लष्करी संदेशांच्या पद्धतीतली. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. फ्लॅश म्हणजे तरी दुसरे काय, लायटनिंगच! टपाल कचेरीच्या त्या खिडकीतला प्रश्न जगातल्या प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर लिहिलेला होता.

पण मग फ्लॅश लिहिलेले पॅकेट खरोखर आधी जाते का? तुमच्या-माझ्या घरच्या जोडणीवर, कंपनीच्या हद्दीपलीकडे, नाही. कारण साधे आहे. लायटनिंग म्हणायला पैसे पडत होते, म्हणून बहुतेक लोक म्हणत नसत. पॅकेटवर फ्लॅश लिहायला काहीच पडत नाही, म्हणून सगळेच लिहितील. आणि सगळे फ्लॅश झाले की कोणीच फ्लॅश नाही. त्यामुळे अनोळखी ठिकाणाहून आलेला शेरा राउटर मानीत नाहीत, पुसूनही टाकतात. १९९८ मध्ये ‘डिफसर्व्ह’ नावाने ती जागा तीनऐवजी सहा बिटांची केली. आता चौसष्ट शेरे लिहिता येतात. आवाजाच्या पॅकेटांसाठी त्यातला ४६ हा आकडा रूढ झाला. एकाच संस्थेच्या आवारात तो छान चालतो. आवाराबाहेर त्याची किंमत पत्रिकेवर लिहिलेल्या ‘अगत्य येण्याचे करावे’ इतकीच.

पैशाने पायरी ठरवायची नाही आणि शेऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर तिसरा मार्ग कोणता? वाटणी. जॉन नेगल याने १९८५ मध्ये सुचवले, की राउटरने एकच रांग न ठेवता प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग ठेवावी आणि पाळीपाळीने एकेक पॅकेट उचलावे. कोणी हजार पॅकेटे आणून ओतली, तर त्याचीच रांग लांबेल, शेजाऱ्याची नाही. यात एक खोट होती: मोठी पॅकेटे पाठवणाऱ्याला जास्त मिळे. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर या तिघांनी ती काढली. यातले श्रीनिवासन केशव दिल्ली आयआयटीचे विद्यार्थी. मला हा मार्ग पाणवठ्यावरच्या पाळीसारखा वाटतो. नळाला पाणी असेतो प्रत्येकीने एकेक कळशी भरायची. जिच्याकडे दहा कळशा तिने दहा वेळा रांगेत यायचे.

आता राउटरवर हे प्रत्यक्षात कसे बसवतात ते सांगतो, कारण ते मी स्वतः केले आहे. २०२० साली टाळेबंदीत आमच्या घरी अकरा माणसे जमली. जोडणी तांब्याच्या तारेवरची: उतरायला आठ एमबीपीएस, चढायला जेमतेम एक. पुतणीची महाविद्यालयाची तोंडी परीक्षा व्हिडिओवर होती. त्याच वेळी धाकट्याच्या फोनमधले फोटो आपोआप चढू लागले आणि पुतणीचा आवाज तुटू लागला. परीक्षकांनी दोनदा विचारले आणि पुढचा विद्यार्थी घेतला. तिला पुन्हा संधी मिळाली, पण त्या दुपारी ती ज्या चेहऱ्याने बाहेर येऊन बसली, तो चेहरा मला टपाल कचेरीतल्या बाकावरून ओळखीचा होता.

जुन्या संगणकावर लिनक्स घालून मी त्याचा राउटर केला. पहिला धडा असा, की दोष अरुंद वाटेचा कमी आणि लांब रांगेचा जास्त असतो. मोडेमच्या पोटात अडीचशे किलोबाइटांची रांग असेल, तर एक एमबीपीएसच्या वाहिनीवर ती रिकामी व्हायला दोन सेकंद लागतात. आवाजाचे पॅकेट असते दोनशे बाइटांचे. पण फोटोच्या रांगेमागे लागले की तेही दोन सेकंद उशिरा पोहोचते, आणि दोन सेकंद उशिरा आलेला शब्द संभाषणात कामाचा नसतो. साठवण स्वस्त झाली म्हणून यंत्रे बनवणाऱ्यांनी रांगा लांब केल्या, आणि त्यातून हे दुखणे जगभर पसरले. जिम गेटिस याने २०१० च्या सुमारास त्यावर बोट ठेवून त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले.

उपाय उलटा वाटतो. आपणच आपला वेग कमी करायचा. एक हजार केबीपीएसच्या वाहिनीवर मी साडेआठशेची मर्यादा घातली. त्यामुळे मोडेमच्या पोटात रांग साचतच नाही. ती माझ्या राउटरमध्ये साचते, आणि तिथे कोणाला आधी सोडायचे ते मी ठरवू शकतो. मर्यादा घालण्याची युक्ती ‘टोकन बकेट’ या नावाने ओळखली जाते. एका बादलीत ठरावीक गतीने बिल्ले पडत राहतात. पॅकेटला बाहेर जायचे तर आपल्या वजनाइतके बिल्ले उचलायचे. नसतील तर पडेपर्यंत थांबायचे. बादली भरली की जादा बिल्ले वाया, म्हणजे रात्रभर गप्प राहून सकाळी सगळी कसर काढता येत नाही. बिल्ले नसलेल्या पॅकेटला थांबवले तर ते शेपिंग आणि टाकून दिले तर पोलिसिंग. घरी शेपिंग करावे. कंपन्या बऱ्याचदा दुसरे करतात.

मग त्या साडेआठशेची वाटणी. तीनशे बोलण्याला आणि परीक्षेला, साडेतीनशे इतर वाचन-पाहण्याला, दोनशे फोटो वगैरे चढवण्याला. हे आकडे किमान हक्काचे. बोलणारे कोणी नसेल तर त्याचे तीनशे पडून राहत नाहीत, बाकीचे उसने घेतात. बोलणारा आला की ताबडतोब परत. मार्टिन देवेरा या चेक प्रोग्रॅमरने लिहिलेली एचटीबी ही पद्धत लिनक्समध्ये हे काम करते. एक पथ्य मात्र पाळावे लागते: किमान हक्कांची बेरीज एकूण वाहिनीपेक्षा जास्त होता कामा नये. तीनशे, साडेतीनशे, दोनशे मिळून बरोबर साडेआठशे. बेरीज हजारावर गेली तर हमी ही हमी राहत नाही.

हे लहान मुलाला कळेल असे गणित आहे. तरी माझी पुढची तक्रार याच गणिताची आहे. माझ्या राउटरने दिलेली हमी माझ्या उंबरठ्यापर्यंतच चालते. पलीकडे जोडणी देणाऱ्या कंपनीने तीच वाहिनी कितीतरी घरांना विकलेली असते, सगळे एकाच वेळी वापरणार नाहीत या हिशोबाने. तो हिशोब खोटा नाही. डेन्मार्कच्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ पासून टेलिफोनसाठी तो नीट मांडला आहे. खोटे असते ते जाहिरातीत. ‘आठ एमबीपीएसपर्यंत’ यातल्या ‘पर्यंत’ या शब्दाने सारी हमी काढून घेतलेली असते. मी कंपनीला विचारले, की कमीत कमी किती द्याल? उत्तर आले, की असे काही लिहून देता येत नाही.

लिहून देणे अशक्य मात्र नाही. हल्ली गावोगाव आलेल्या काचतंतूच्या जाळ्यात, जीपॉन नावाच्या पद्धतीत, एकाच तंतूवरची अडीच गिगाबिटांची उतरती वाहिनी अनेक घरांत वाटली जाते. घरांकडून चढणाऱ्या मजकुराची वाटणी करताना त्या यंत्रात ‘निश्चित’, ‘हमीचा’, ‘बिनहमीचा’ आणि ‘जमेल तसा’ असे वर्ग मुळातच केलेले असतात. २०११ मध्ये मंजूर झालेल्या, आता भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेचे उद्दिष्टच प्रत्येक ग्रामपंचायतीला किमान शंभर एमबीपीएस पोहोचवण्याचे होते. किमान हा शब्द सरकारी कागदावर आला, हे मला महत्त्वाचे वाटते. तो यंत्राच्या मांडणीत किती उतरला, हे पंचायतीच्या खोलीत बसून मोजता येते, आणि ते मोजणारी पोरे गावोगाव तयार व्हायला हवीत.

पैसे देऊन पुढे जाण्याचा जुना प्रश्नही मधल्या काळात परतून आला. ठरावीक संकेतस्थळे फुकट किंवा वेगाने, बाकीची मागे, अशा योजना निघाल्या. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला मनाई केली. २०१७ च्या नोव्हेंबरात वेगातल्या भेदभावाविरुद्ध शिफारशी दिल्या आणि पुढच्या वर्षी सरकारने त्या स्वीकारल्या. गर्दी आवरण्यासाठी वाजवी उपाय करायला कंपन्यांना मोकळीक आहे, काही विशेष सेवा वगळल्या आहेत. पण एखाद्या मजकुराला पैशासाठी लायटनिंग करता येत नाही. काही मित्र म्हणतात, की यामुळे खरोखर निकडीचे निरोपही अडकतात. त्यात तथ्य आहे. पण त्या बाकावर बसलेल्या माणसाला निकड कोणाची मोठी हे दराच्या फलकाने ठरवणे कधीच पटणार नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आमच्याकडे खांब आडवे झाले, वीज गेली, तांब्याची तार तुटली. माझा राउटर, त्याचे वर्ग आणि बिल्ले सगळे काळोखात बसून होते. मोबाइल अधूनमधून जरासा जिवंत होई. रेंजचा एक दांडा दिसला, की सारा गाव एकाच वेळी नंबर लावी, आणि कोणाचाच लागत नसे. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझा कॉल लागला नाही, पण मुंबईच्या बहिणीला ‘सगळे ठीक’ एवढा एसएमएस गेला. दोन शब्द होते, म्हणून गेला.

वीज आल्यावर मी राउटरची मांडणी उघडून पाहिली. त्या तीन वर्गांच्या वर एक चौथा वर्ग होता, सर्वांत आधी सुटणारा. त्यात एकच संगणक होता, माझा. बसवताना चाचणीसाठी केला होता आणि काढायचा राहिला, असे मी घरच्यांना सांगितले. पुतणी माझ्या मागे उभी राहून पडद्यावर वाचत होती. ती म्हणाली, “काका, म्हणजे तुम्ही लायटनिंग?” तिच्यासमोरच मी ती ओळ खोडली.